दुसरी सही

इंदूर, ११ ऑगस्ट २०२५

ऋषभ,

तुझा मेल वाचला. जोडलेला मसुदा तीनदा वाचला. मी त्यावर सही करणार नाही.

फोनवर बोलत नाही, कारण फोनवर आपण दोघंही चौथ्या मिनिटाला ओरडायला लागतो. लिहिताना निदान वाक्य पूर्ण होतं.

मला समजलं ते असं. चुकलं असेल तर दुरुस्त कर. तिकडे इंग्लंडात तुझा आश्रयाचा अर्ज फेब्रुवारीत फेटाळला गेला. अपिलाची सुनावणी चौदा ऑक्टोबरला आहे. तुझ्या वकीलबाईंना सात तारखेच्या आत घरच्या कुणाचं तरी सहीचं निवेदन हवं आहे, की तू परत आलास तर पप्पांपासून तुला धोका आहे. ते नसेल तर बहुधा तुला परत पाठवतील. मनीषने नाही म्हटलं. आईशी तू साडेतीन वर्षं एक शब्द बोललेला नाहीस. उरले मी.

(मनीष भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवतो. एप्रिलमध्ये त्याचं लग्न झालं. मी लग्नाला गेले नाही. त्याला सोडून दे.)

आता मसुद्याबद्दल. तो वकीलबाईंनी लिहिलेला नाही हे पहिल्याच ओळीत कळतं. तो तुझ्या त्या एजंटने लिहिला आहे, ज्याने तुझा मूळ अर्जही लिहिला आणि ज्याचा तू अजून नंबर ठेवला आहेस.

त्यात लिहिलंय की पप्पांनी तलवार उपसून तुझ्या मानेवर ठेवली. आपल्या घरची तलवार म्यानातून निघत नाही. ती आपल्या जन्माच्या आधीच गंजून म्यानाला चिकटली आहे. दर खंडेनवमीला आपण तिला म्यानासकट हळदकुंकू वाहतो. चौथीत असताना तू एकदा म्यानावर पाय देऊन ती ओढली होतीस आणि मागच्या मागे तांब्यांच्या घडवंचीवर पडला होतास. हे तुला आठवत नसेल तर गोष्ट वेगळी.

त्यात लिहिलंय की गल्लीतले वीस जण काठ्या घेऊन दारात आले. आपल्या गल्लीतले वीस जण पाण्याच्या टँकरसाठीसुद्धा एकत्र येत नाहीत.

त्यात लिहिलंय की तुला चार महिने कोंडून ठेवलं. ते एकेचाळीस दिवस होते.

तुझं मनीषवर प्रेम होतं, पप्पांना तुमच्या चॅट सापडल्या आणि त्यांनी तुला बायपासवरच्या त्या नशामुक्ती केंद्रात टाकलं, एवढं खरं आहे. मी स्वतः त्या वेळी पुण्यात ट्रेनिंगला होते. प्रत्यक्ष पाहिलेलं असं माझ्याकडे काही नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर सही कशी करणार, एवढंच म्हणणं आहे.

मसुद्याचा मला राग आला नाही. किळस आली. साबणाची जुनी वडी ओल्या डब्यात चिकटून राहते, ती बोटाने खरवडताना येते तशी.

इकडे सगळं ठीक.

पलक


इंदूर, २३ ऑगस्ट

ऋषभ,

तुझं उत्तर मिळालं. मी थंड आहे, मशीन आहे, पप्पांची खरी वारस आहे. ठीक. हे तू आधीही म्हणाला आहेस.

तू विचारलंस, 'खरं सांगितलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही तर? तुला काय माहीत पुराव्याशिवाय उभं राहणं काय असतं?' हे मला नोकरीमुळे माहीत आहे. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने माहीत आहे.

मी आता काय करते हे तुला धड सांगितलेलं नाही. विधवा आणि म्हाताऱ्या माणसांची पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा ती माणसं जिवंत आहेत आणि तीच आहेत हे तपासावं लागतं. पूर्वी हे वॉर्डातला बाबू करायचा. आता त्याचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे. केंद्रावर म्हातारी कॅमेऱ्यासमोर बसते, सॉफ्टवेअर तिचा चेहरा अर्जातल्या जुन्या फोटोशी ताडून बघतं आणि शंभरपैकी आकडा देतं. अठ्ठ्याहत्तर किंवा वर आला तर ती ती आहे. खाली आला तर पेन्शन थांबते. अठ्ठ्याहत्तर हा आकडा मी ठरवला आहे. चाचण्या करून, आलेख काढून, नीट.

सरला मावशी आठवते? परदेशीपुऱ्याची. आईबरोबर आपल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी पापडांना यायची आणि लाटताना आपल्याला लाट्या चोरू द्यायची. तिला एकसष्ट आले. मे महिन्यापासून तिची पेन्शन बंद आहे. ती मागच्या सोमवारी घरी आली. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली.

"पलक बाई, तुझी मशीन म्हणते मी मी नाहीच. मग इतके दिवस माझ्या घरी भांडी कोण घासतंय, बघून सांग ना. तिलाच पगार देते."

आई हसली. मी मावशीची फाईल उघडून बघितली. असं घरून बघायला परवानगी नाही, पण बघितली. कारण दोन मिनिटांत कळलं. २०१९ साली अर्ज भरताना तिथल्या स्टुडिओवाल्याने तिचा फोटो 'करून' दिला होता. आपल्याकडे सगळेच करतात. गोरा रंग, सुरकुत्या पुसलेल्या, हनुवटीवरचा मस गायब, गाल भरलेले. म्हणाला होता म्हणे, सरकारात जातोय फोटो, जरा चांगला दिसला पाहिजे. परदेशीपुऱ्यातल्या निम्म्या बायकांचे फोटो त्याच दुकानातले आहेत. सगळ्यांचे आकडे पन्नास ते सत्तरमध्ये.

म्हणजे बाई खरी, फोटो खोटा. आणि फोटो खोटा म्हणून बाई बाद.

मी जयेशला सांगितलं. जयेश माझा मॅनेजर आहे. भला माणूस आहे, रोज डब्यातली सेव सगळ्यांना वाटतो. तो म्हणाला, "यार पलक, रिजेक्ट थोडी किया है. बस मैच नहीं हुआ. पोर्टल पे अपील का ऑप्शन है ना."

मी म्हटलं, सरला मावशीला पोर्टल उघडता येत नाही.

"वो अपने स्कोप में नहीं है."

मी परत माझ्या जागेवर येऊन बसले. हे सांगायला हवं म्हणून सांगते.

तुझा मसुदा वाचताना मला तो स्टुडिओ दिसत होता. एजंटने तुझी गोष्ट गोरी करून दिली आहे. तलवार, जमाव, चार महिने. आणि तिथल्या अधिकाऱ्याने आकडा काढला, कमी आला, 'विश्वासार्ह नाही' असा शेरा मारला. तू मला तोच फोटो पुन्हा काढून पाठवायला सांगतो आहेस.

तू शेवटी विचारलंस की एकेचाळीस हा आकडा मला कुठून माहीत, तू स्वतःसुद्धा मोजले नव्हतेस. आईने कधीतरी सांगितलं असेल.

पलक


इंदूर, १ सप्टेंबर

ऋषभ,

काल मंडळाच्या गणपतीत परिसंवाद झाला. विषय फळ्यावर रंगीत खडूने लिहिला होता: 'सरकारने किती द्यावे आणि कोणाला?' एका बाजूने पप्पा, दुसऱ्या बाजूने सुधाकर काका. तेच, बंद पडलेल्या मिलच्या युनियनचे, ज्यांच्या स्कूटरवर अजून लाल पट्टा आहे. साधारण ऐंशी माणसं होती. मी आणि आई चौथ्या ओळीत.

पप्पा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून उभे राहिले. सुरुवात नेहमीचीच, आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. मग, "देखो, साफ बात आहे. फुकट दिलं की माणूस निकम्मा होतो. लाडाने पैसे वाटा, राशन वाटा, आणि मग म्हणा देश पुढे का जात नाही!" टाळ्या. पप्पांना दर महिन्याला सरकारी पेन्शन येते. ते तिला हक्क म्हणतात. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मीच त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवते. त्यांना सत्त्याण्णव येतात.

मग खासगीकरण. सगळं खासगी संस्थांना द्या, काम होतं. आणि मग ते म्हणाले, मी शब्दशः लिहिते, "माझ्या ओळखीचं एक केंद्र आहे. प्रायव्हेट. सरकार फक्त अनुदान देतं, बाकी सगळी शिस्त त्यांची. वाया गेलेली पोरं चाळीस दिवसांत लाईनवर येतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. सरकारी दवाखान्यात होईल का हे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने मांडीवरचा पदर गोळा करून मुठीत धरला. माझ्या तोंडात नुकताच वाटलेला पेढा होता. तो मी रुमालात थुंकला.

त्यानंतर निर्वासित. "मोबाईलवर पाहा, इंग्लंडात लोक हॉटेलांसमोर बोर्ड घेऊन उभे आहेत. बरोबर करतायत! यांना स्वतःच्या देशात मेहनत नको. तिकडे जायचं, रडगाणं गायचं, आणि हॉटेलात फुकट खायचं."

तू मागे लिहिलं होतंस की तुमच्या हॉटेलखाली शनिवारी माणसं उभी असतात आणि तुम्ही पडदे ओढून घेता. ते मला त्या क्षणी आठवलं. एवढंच.

सुधाकर काका उठले. आधी पाणी प्यायले. मग म्हणाले, "जयसिंगराव, एक शंका. सिंधी कॉलनीत पाकिस्तानातून आलेली माणसं आहेत. वर्षानुवर्षं व्हिसा वाढवत बसली आहेत. ती पण फुकटीच का?"

"ते आपले आहेत."

"अच्छा. म्हणजे आपला असेल तर निर्वासित, आणि दुसऱ्याचा असेल तर फुकटा."

हशा झाला. काका खाली बसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना हशा पुरत नाही हे तुला माहीतच आहे. ते वळून म्हणाले, "आणि भिया, आपला ऋषभ पण वर्षभर हॉटेलातच आहे ना? तुम्हीच सांगता, कंपनीने ठेवलाय. कोणती हो कंपनी, वर्ष-वर्ष हॉटेल देते? नाव सांगा, माझ्या नातवाचा बायोडाटा धाडतो."

सगळे हसले. काकांच्या मनात काही नव्हतं, त्यांना फक्त टाळी हवी होती. पप्पाही हसले. पण मी त्यांचा चेहरा पाहत होते, आणि माझं कामच चेहरे ताडून बघण्याचं आहे. हसू ओठांपर्यंतच होतं. ते हिशेब जुळवत होते. विद्यार्थी व्हिसा, दोन वर्षं, हॉटेल, नोकरीचं नाव नाही.

घरी येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "कंपनीचं नाव काय त्याच्या?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"तुला सगळं माहीत असतं."

आई म्हणाली, "भैया, इथेच थांबवा, मला भाजी घ्यायची आहे." तिने भाजी घेतली नाही. ती पायी घरी आली.

तुझा मेल नाही आला आठ दिवसांत. मी सही करत नाही म्हणून गप्प आहेस, की आणखी काही झालंय?

पलक


इंदूर, १९ सप्टेंबर

ऋषभ,

तुझं लांब पत्र मिळालं. एजंटला सोडलंस हे वाचलं. वकीलबाई म्हणतात की पहिल्या अर्जातल्या तलवारीचं काय करायचं ते त्या बघतील, तू चूक कबूल करून खरं ते सांग, फक्त त्या केंद्राचा एखादा तरी कागद हवा, नाहीतर तेही बनावट म्हणतील. तू त्यांना म्हणालास, कागद नाही.

तू हेही लिहिलंस की तिथे दुसऱ्याच दिवशी त्या मॅनेजरने तुझ्यासमोर फॉर्म नाचवून सांगितलं होतं, 'दोन घरवालों की साइन है, अब कहाँ जाएगा.' आणि त्या दिवसापासून तू आईला आई म्हणणं सोडलंस. पप्पांचं तू समजू शकतोस. तिचं नाही.

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, तू तिच्याशी बोलत नाहीस हे माहीत होतं. का ते आज कळलं. मी समजत होते की तिने तुला थांबवलं नाही म्हणून रागावला आहेस.

मी हे पत्र इथेच दोन दिवस बंद करून ठेवलं होतं. आता पुढे लिहिते.

सरला मावशीचं सांगते. अपिलाचा एक कागदी मार्गही आहे, कुणाला सांगितला जात नाही एवढंच. दहा वर्षांपेक्षा जास्त ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी लिहून द्यायचं की हीच ती बाई. कंपनीच्या माणसाने साक्षीदार व्हायचं नाही असा आमचा नियम आहे. मावशी आईकडे आली. आईने चष्मा लावून फॉर्म वाचला आणि सही केली. दुसऱ्या सहीसाठी मावशी शेजारी हाका मारायला निघाली होती. मी म्हटलं, द्या इकडे.

"तुझी नोकरी जाईल गं," मावशी म्हणाली.

पेन माझ्याकडे सरकवताना आईने माझ्याकडे पाहिलं. ती तेव्हाही असंच, पेन न उचलता, पाहत होती.

मी सही केली. मावशीचं प्रकरण पोर्टलवर 'प्रलंबित' दिसतंय. माझ्याकडून जयेशने लेखी स्पष्टीकरण मागवलंय. त्याला खूप वाईट वाटत होतं. सेव पुढे करून म्हणाला, "तूने क्यों किया यार, किसी और से करवा लेती." त्याला त्यात चूक एवढीच दिसली.

पप्पांनी आपल्या एका दोस्ताच्या मुलाकडून माहिती काढली आहे. काय कळलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. पण मंडळात जाणं बंद केलंय.

एकेचाळीसबद्दल तू पुन्हा विचारलंस. सांगेन.

पलक


इंदूर, ३ ऑक्टोबर

ऋषभ,

याला दोन फाईली जोडल्या आहेत. आधी हे पत्र वाच, मग त्या उघड.

परवा खंडेनवमी होती. पाटावर नेहमीप्रमाणे तलवार, आजोबांचा जंबिया, पप्पांचे पाने-पेचकस आणि माझा लॅपटॉप. पप्पांनी स्वतः पूजा केली, आरती केली, माझ्या लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवलं. मग प्रसाद हातात घेऊन खुर्चीवर बसले आणि अगदी शांतपणे, गॅस सिलिंडर बुक करावा तशा आवाजात म्हणाले,

"तिकडून परत पाठवणार आहेत त्याला. मला कळलंय. ठीक आहे. लोकांना सांगायचं, प्रोजेक्ट संपला."

त्यांनी प्रसादाचा एक घास खाल्ला.

"केंद्रवाल्यांशी बोललोय मी. आता नवीन बिल्डिंग झाली आहे त्यांची. एसी आहे. मागच्या वेळी घाई केली आपण, लवकर आणला. या वेळी सहा महिने ठेवू. मग लग्न."

आई म्हणाली, "तो येणार नाही इथे."

"एअरपोर्टवरूनच नेतील ते. गाडी पाठवतात." मग माझ्याकडे वळले. "फॉर्मवर मागच्यासारखीच दुसरी सही लागेल. तू आहेसच."

तू आहेसच. ऋषभ, त्यांनी हे प्रेमाने म्हटलं.

मी आत जाऊन ओकले. प्रसादाचा शिरा होता. खूप दिवसांनी पोटातून काहीतरी बाहेर पडलं.

आता जे मी ऑगस्टपासून लिहीत नाही ते लिहिते. शक्य तितकं नेमकं.

२२ मार्च २०२२ ला, रंगपंचमीच्या दिवशी, मी पुण्यात नव्हते. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी इंदूरला पोचले होते. तुला सांगितलं होतं सुट्टी मिळाली नाही, कारण पप्पांनी तसं सांगायला लावलं होतं. तू आणि मनीष गेरची रंगाची मिरवणूक बघायला राजवाड्यावर गेला होतात. दुपारी चारच्या सुमारास केंद्राचा मॅनेजर घरी आला. फॉर्म एका पानाचा होता, मागेपुढे. मी तो पूर्ण वाचला. मी प्रत्येक फॉर्म पूर्ण वाचते. 'व्यसनाचा प्रकार' या रकान्यात पप्पांनी माझ्यासमोर 'गांजा' लिहिलं. तू सिगारेटसुद्धा ओढत नव्हतास हे मला माहीत होतं. 'रुग्णाची संमती' या रकान्यात 'नशेत असल्यामुळे शक्य नाही' असं लिहिलं. तू त्या वेळी राजवाड्यावर होतास.

घरच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. पहिली पप्पांनी केली. मग त्यांनी पेन आईसमोर ठेवलं. तिने ते उचललं नाही. पप्पा ओरडले. मॅनेजरसमोर तिला नको ते बोलले. ती तशीच मांडीवर हात ठेवून बसली. ती म्हणाली, "माझा मुलगा आजारी नाही." दोनदा म्हणाली.

मग पप्पांनी पेन माझ्याकडे दिलं. म्हणाले, "सही कर, नाहीतर पुणे बंद. सामान घेऊन ये उद्या." मला पुण्याची नोकरी लागून सात आठवडे झाले होते. मी विचार केला. तू समजशील की घाबरले. घाबरले नव्हते. विचार केला, साधारण अर्धा मिनिट, आणि सही केली.

रात्रीच्या बसने परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तुला उचललं. पुण्याच्या खोलीत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने रेघा मारत होते. एकेचाळीस झाल्या तेव्हा पप्पांचा फोन आला की तुला घरी आणलंय. आईने मला आकडा सांगितला नव्हता.

आईने आजवर तुला काही सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. तू तिचे फोन उचलत नव्हतास, आणि मला वाटायचं तिला तिचं कर्म भोगू दे, तिने तुला वाचवलं नाही. हे मला खरंच वाटायचं. स्वतःला किती व्यवस्थित फसवता येतं यावर एक पान लिहू शकते, पण वेळ नाही.

परवा मी बाथरूममधून तोंड धुऊन आले तेव्हा पप्पा बाहेर गेले होते आणि आई पाट आवरत होती. तलवार ज्या लांब पेटीत असते तिच्या तळाशी लाल कापड आहे ना, ते तिने उचललं. त्याखाली घराची कागदपत्रं असतात. तिने त्यातून एक पिवळा कागद काढला. फॉर्मची कार्बन कॉपी. मॅनेजरने तेव्हा पप्पांना दिलेली आणि पप्पा विसरलेले.

"मी जपून ठेवला होता," ती म्हणाली. "वाटलं, कधीतरी तुला लागेल."

मी विचारलं, "मला? की त्याला?"

"तुला," ती म्हणाली. "त्याला तर तू देणारच होतीस."

तिला कशावरून वाटलं माहीत नाही. तीन वर्षांत मी तसं काहीच केलेलं नव्हतं.

पहिली फाईल त्या कागदाचा स्कॅन आहे, दोन्ही बाजू. केंद्राचा शिक्का, अनुदान क्रमांक, तारीख, सगळं स्पष्ट आहे. खाली उजवीकडे एक हिरवट डाग दिसेल. तो स्कॅनरचा दोष नाही. सकाळी गल्लीतल्या पोरींनी मला रंग लावला होता आणि अंगठ्याचा निघाला नव्हता. वकीलबाईंनी विचारलं तर तसं सांग.

दुसरी फाईल माझं निवेदन आहे, इंग्रजीत, दीड पान. त्यात तलवार नाही, जमाव नाही. फॉर्म, सही, एकेचाळीस दिवस, आणि परवा पप्पा जे बोलले ते, त्यांच्याच शब्दांत. माझं खोटंही त्यात आहे. त्यामुळे तुझी गोष्ट चांगली दिसेल की वाईट, मला सांगता येत नाही. ती तुझ्यासारखी दिसेल. नोटरी आज सकाळी केली. मूळ प्रती कुरिअरने निघाल्या आहेत. वकीलबाईंना ऑनलाइन साक्ष हवी असेल तर मी चौदा तारखेला उपलब्ध आहे. रजा टाकली आहे. नोकरी राहिली तर ती रजा, नाहीतर तशीही मोकळीच आहे.

पप्पांना मी काल, दसऱ्याला, सोनं द्यायला गेले तेव्हा सांगितलं. सांगितलं की ऋषभ कंपनीच्या हॉटेलात नाही, तुम्ही परिसंवादात ज्यांना फुकटे म्हणालात त्यांच्यात आहे, तुमच्यामुळे आहे, आणि तो तिथे राहावा म्हणून मी लिहून दिलंय. आपट्याचं पान माझ्या हातातच राहिलं. त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "तू पण?" मी म्हटलं, हो. ते गच्चीवर गेले. अजून बोलत नाहीत. मी पोलोग्राउंडजवळ एक खोली बघितली आहे. आईला विचारलं, येतेस का. म्हणाली, "आधी त्याचा फोन येऊ दे."

तिचा नंबर तोच आहे. दुपारी एक ते तीन पप्पा झोपतात. तुझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ ते साडेदहा असतात. मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागण्याची जागा हे पत्र नाही आणि तू देऊ नकोस. तिला मात्र फोन कर. तिला कुणीही सत्त्याण्णव दिले नाहीत, आणि त्या खोलीत ती एकटीच खरी होती.

फॉर्मवर जशी केली होती तशीच इथेही सही करते, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतील.

पलक जयसिंगराव भोईटे
नाते: बहीण